पडद्याआड गेलेली रिंग

१५ सप्टेंबर १९७८च्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये मुहम्मद अली आणि लिऑन स्पिंक्स दुसऱ्यांदा समोरासमोर आले. अली छत्तीस वर्षांचा होता, पाय जड झाले होते, आणि खरं सांगायचं तर लढत काही रंगली नाही. दोन-तीन ठोसे मारायचे, प्रतिस्पर्ध्याला मिठी घालायची, बाजूला सरकायचं, पुन्हा दोन ठोसे, असं करत अलीनं पंधरा फेऱ्या काढल्या आणि गुणांवर जिंकून किताब परत मिळवला. एबीसी वाहिनीवर हे सगळं घरोघरी फुकट दिसत होतं. अमेरिकेत सुमारे नऊ कोटी लोकांनी ते पाहिलं असा अंदाज आहे, आणि त्या वेळी त्या देशाची लोकसंख्याच बावीस कोटींच्या आसपास होती.

आता २ मे २०१५. लास व्हेगास, फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅकियाव. वर्षानुवर्षं वाट पाहायला लावलेली लढत. घरी बसून चांगल्या चित्रात ती पाहायची तर जवळजवळ शंभर डॉलर मोजावे लागत होते. अमेरिकेत ४६ लाख घरांनी ते मोजले. त्या रात्रीनं बॉक्सिंगच्या धंद्यातले सगळे विक्रम मोडले. एकट्या मेवेदरच्या पदरात २० कोटी डॉलरहून अधिक पडले. घरटी दहा-दहा माणसं पडद्यासमोर दाटीवाटीनं बसली होती असं धरलं, तरी हिशेब अलीच्या त्या रटाळ लढतीच्या निम्म्यावर येतो. धंद्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी कमाई झाली त्या रात्री प्रेक्षक मात्र निम्मेसुद्धा नव्हते. हे कसं झालं, याची हकीकत म्हणजे हे पुस्तक.

व्यावसायिक बॉक्सिंग टीव्हीच्या सर्वसामान्य प्रेक्षकाच्या आयुष्यातून का गेलं, याची तीन तयार उत्तरं कुणाच्याही तोंडावर असतात. लोक सुसंस्कृत झाले, त्यांना रक्त बघवेना, हे पहिलं. अली गेला, टायसन गेला, आता तसा कुणी उरला नाही, हे दुसरं. आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स आलं, त्यानं बॉक्सिंगला खाल्लं, हे तिसरं. यातलं पहिलं आणि तिसरं एकमेकांना खोटं पाडतात. रक्त बघवत नाही म्हणून बॉक्सिंग सोडणारा माणूस, खाली पडलेल्याच्या तोंडावर कोपर मारायची मुभा असलेला खेळ चवीनं बघेल का? दुसऱ्या उत्तरात थोडं तथ्य आहे, पण अली स्वतःसुद्धा टीव्हीनंच घराघरांत नेला होता. ज्याला कुणी पाहूच शकत नाही तो अली होणार कसा, हा प्रश्न उरतोच. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रेक्षक बॉक्सिंगला कंटाळून उठून गेला नाही, त्याला दाराबाहेर काढण्यात आलं. तेही एकदम नव्हे, पन्नास वर्षांत थोडं थोडं करून. आणि प्रत्येक वेळी बाहेर काढणाऱ्याचा त्यात फायदाच झाला.

सुरुवातीला टीव्हीला बॉक्सिंगची गरज बॉक्सिंगला टीव्हीची होती त्याहून जास्त होती. १९४०च्या दशकातले कॅमेरे अवजड आणि जवळजवळ जागेवर खिळलेले होते. घरातला पडदा हातभरसुद्धा नव्हता. त्यावर बेसबॉलचा चेंडू दिसायचा नाही, फुटबॉलच्या बावीस खेळाडूंतला कोण कुठे हे कळायचं नाही. बॉक्सिंगमध्ये मात्र सगळा खेळ एका उजळलेल्या चौकोनात व्हायचा. माणसं दोन, एकाची चड्डी गडद, दुसऱ्याची फिकी, म्हणजे करड्या चित्रातही ओळख पटायची. त्याहून मोठी सोय घड्याळाची. तीन मिनिटांची फेरी, मग एक मिनिट विश्रांती. ते एक मिनिट जणू जाहिरातदारासाठीच राखून ठेवलेलं! बॉक्सर स्टुलावर बसून चूळ भरतोय तेवढ्यात घरच्या माणसाला दाढीचं ब्लेड दाखवून व्हायचं. जिलेट कंपनीनं हे अचूक हेरलं. १९४४ सालच्या सप्टेंबरात एनबीसीवर विली पेप आणि चॉकी राइट यांच्या लढतीनं जिलेटच्या टीव्ही-बॉक्सिंगला सुरुवात झाली, आणि पुढे शुक्रवारची रात्र म्हणजे बॉक्सिंगची रात्र हे समीकरण १९६०पर्यंत टिकलं. बुधवारी दुसऱ्या वाहिनीवर पॅब्स्ट बिअरचं बॉक्सिंग असे. ऐन भरात, आठवड्यातल्या जवळजवळ प्रत्येक रात्री कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर कुणी ना कुणी मार खात असायचं. जून १९४६मध्ये जो लुई आणि बिली कॉन यांची यांकी स्टेडियममधली लढत दाखवली, तेव्हा ती पाहणाऱ्यांतले बरेचसे लोक दारूच्या गुत्त्यांत उभे होते, कारण घरात संच घेणं तोवर थोड्यांनाच परवडायचं. गुत्तेवाल्यांनी संच घेतले ते गिऱ्हाईक धरून ठेवायला. घराघरांत संच विकले जाण्यामागेही या लढतींचा हात मोठा होता.

या सुकाळातच पुढच्या दुष्काळाचं बी होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या जंगी कुस्त्यांच्या मैदानात आधी नारळावरच्या, बत्ताशावरच्या पोरांच्या कुस्त्या लागतात, मग शेकड्यातल्या, मग हजारातल्या, आणि दिवस कलता कलता पहिल्या नंबरची मानाची कुस्ती. त्या नारळावरच्या कुस्त्या बंद करा आणि वीस वर्षांनी पहिल्या नंबरला कोण लढतो ते बघा. अमेरिकेत नेमकं हेच झालं. प्रत्येक शहराला, मोठ्या शहरांत तर वस्तीवस्तीला, बॉक्सिंगची लहान सभागृहं होती. तिकीट थोडं, बाकडी लाकडी, आणि रिंगमध्ये गल्लीतलाच कुणीतरी. तिथं पोरगा चार फेऱ्यांच्या लढतीनं सुरुवात करायचा, सहावर यायचा, आठवर यायचा. मार खायचा, शिकायचा, हरायचा, पुन्हा यायचा. घरबसल्या चॅम्पियन फुकट दिसू लागल्यावर पाऊसपाण्यातून गल्लीतलं बॉक्सिंग बघायला कोण जाणार? सभागृहं एकामागून एक बंद पडली. न्यूयॉर्कच्या सहासष्टाव्या रस्त्यावरचं सेंट निकोलस अरीना हे त्यातलं नामांकित. १९६२ साली तिथलं बॉक्सिंग थांबलं, आणि त्या जागेवर पुढे एबीसी टेलिव्हिजनची इमारत उभी राहिली. ही गोष्ट कादंबरीत कुणी लिहिली असती तर लेखकानं फारच ओढूनताणून आणलं असं आपण म्हटलं असतं.

ए. जे. लीब्लिंग हा ‘न्यूयॉर्कर’चा लेखक हे सगळं होत असताना रिंगच्या कडेला बसून लिहीत होता. १९५६ साली आलेला त्याचा ‘द स्वीट सायन्स’ हा संग्रह बॉक्सिंगवरच्या लेखनात आजही पहिल्या रांगेत मोजतात. ब्लेड आणि बिअर विकण्यासाठी टीव्ही या कलेची शिकण्याची जागाच मोडून टाकतोय, अशी त्याची तक्रार होती. ती त्या वेळी जुन्या वळणाच्या माणसाची कुरकुर वाटली असणार. आज वाचताना लीब्लिंगचे विनोद जितके ताजे आहेत तितकीच ही तक्रारही.

टीव्हीला शिकाऊ नको होता आणि फार हुशारही नको होता. बचावात मुरलेला, समोरच्याला ठोसाच लागू न देणारा बॉक्सर जाणकाराला आनंद देतो. ब्लेडवाल्याला त्याचा उपयोग नसतो. हवा होता दिसायला चांगला, हरलेला नसलेला आणि कॅमेऱ्याला आवडणारा. चक डेव्ही तसा होता. कॉलेजात शिकलेला, विद्यापीठाच्या स्पर्धांचा विजेता, डावखुरा, हसतमुख. त्याला घराघरांत चाहते मिळाले, त्यात ज्यांनी बॉक्सिंग कधी पाहिलं नव्हतं अशा गृहिणीही होत्या. फेब्रुवारी १९५३मध्ये शिकागोत त्याला थेट जगज्जेत्या किड गाविलानपुढे उभं केलं. गाविलान क्यूबाचा, लहान सभागृहांच्या शाळेत तावून सुलाखून निघालेला. त्यानं मध्येच स्वतः डाव्या हाताचा पवित्रा घेऊन डेव्हीला त्याच्याच पद्धतीनं चकवलं आणि दहाव्या फेरीत खेळ संपवला. टीव्हीनं घडवलेला बॉक्सर आणि बॉक्सिंगनं घडवलेला बॉक्सर यांतला फरक लाखो लोकांनी त्या रात्री पाहिला. पण दुसरे गाविलान तयार करणारे कारखाने तेव्हा बंद पडत होते, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

याच काळात धंद्याची किल्ली जेम्स नॉरिसच्या ‘इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब’कडे होती. विजेतेपदासाठी लढायचं तर या क्लबशी करार करा, नाहीतर घरी बसा. मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्यांचं, शिकागोचं स्टेडियम त्यांचं, टीव्हीच्या रात्री त्यांच्या. आणि क्लबच्या मागे उभा होता फ्रँकी कार्बो नावाचा माफियातला माणूस. १९६० साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे जेक लामोटानं कबुली दिली, की १९४७मध्ये बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण ठरवून हरलो. ‘रेजिंग बुल’ हा सिनेमा पाहिलेल्यांना तो प्रसंग आठवेल. नॉरिसचा क्लब सर्वोच्च न्यायालयानं १९५९मध्ये मोडीत काढला, कार्बो तुरुंगात गेला. मक्तेदारी मोडली हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी काहीच आलं नाही. बेसबॉलला लीग होती, फुटबॉलला लीग होती, त्यांचे आयुक्त होते, हंगाम होते. बॉक्सिंगला मालकही उरला नाही आणि राखणदारही. पुढच्या प्रत्येक घसरणीच्या मुळाशी गेलं की हीच गोष्ट हाती लागते.

मग २४ मार्च १९६२. गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथ विरुद्ध बेनी पॅरेट, एबीसीवर थेट. वजनाच्या वेळी पॅरेटनं ग्रिफिथला त्याच्या लैंगिकतेवरून घाणेरडी शिवी दिली होती. बाराव्या फेरीत ग्रिफिथनं त्याला कोपऱ्यात गाठलं. पॅरेटचं शरीर दोरांत अडकल्यामुळे तो खालीही पडू शकत नव्हता, आणि ठोसे थांबत नव्हते. रेफ्री रूबी गोल्डस्टीन मध्ये पडला तोवर उशीर झाला होता. पॅरेट पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. दहा दिवसांनी गेला. पुढच्या वर्षी लॉस एंजलिसमध्ये डेव्ही मूर लढतीनंतर मरण पावला. सप्टेंबर १९६४मध्ये एबीसीनं आपला साप्ताहिक बॉक्सिंगचा कार्यक्रम बंद केला. मृत्यूंमुळे बंद केला असं लिहायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. चांगले बॉक्सर आटत चालले होते, त्याच त्या माणसांना पाहून लोक विटले होते, आणि आता वाहिन्यांना बॉक्सिंगखेरीज दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. पॅरेटच्या मृत्यूनं सोडचिठ्ठीला सभ्य कारण मिळालं.

अलीचा काळ या कथेत अपवाद मानतात, आणि तिथेच गफलत होते. अलीच्या सर्वांत मोठ्या लढती अमेरिकी घरांत थेट आणि फुकट दिसल्याच नाहीत. ८ मार्च १९७१ची फ्रेझरविरुद्धची पहिली लढत पाहायला लोकांना थिएटरांत आणि सभागृहांत तिकीट काढून बसावं लागलं. तारेवरून तिथल्या पडद्यांवर चित्र आणलं जाई. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले, तोवर कुणी ऐकले नव्हते एवढे. हे पैसे फुकटच्या टीव्हीतून कधीच निघाले नसते. म्हणजे पुढे जे झालं त्याचा पाया अलीच्याच लढतींत घातला गेला. फरक एवढाच, की अली मधल्या काळात एबीसीवर येऊन समालोचक हॉवर्ड कोसेलशी हुज्जत घालायचा, दुय्यम लढती फुकट दाखवल्या जायच्या, त्याची कवितेसारखी बडबड शाळकरी पोरांना पाठ असायची. लोकांचा अलीशी परिचय फुकट झाला होता, म्हणून ते त्याच्यासाठी तिकीट काढत होते. नंतरच्यांनी तिकीट तेवढं ठेवलं, परिचय विसरले.

१९७६ ते १९८२ ही सहा वर्षं म्हणजे अखेरचा सुगीचा काळ. मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं बॉक्सिंगची पाच सुवर्णपदकं जिंकली, शुगर रे लेनर्ड हे नाव संपूर्ण देशानं ऐकलं, आणि १९७७ साली त्याची पहिली व्यावसायिक लढत सीबीएसनं दाखवली. शनिवार-रविवारच्या दुपारी बॉक्सिंग परत आलं. घाणही परत आली: त्याच वर्षी एबीसी आणि प्रमोटर डॉन किंग यांनी भरवलेल्या स्पर्धेत बॉक्सरांच्या खोट्या जयांच्या नोंदी उघडकीस आल्या आणि स्पर्धा मध्येच गुंडाळावी लागली. तरी लोक बघत होते.

१३ नोव्हेंबर १९८२च्या शनिवारी सीबीएसवर रे मॅन्सिनी होता. ओहायोच्या यंग्सटाऊनचा पोरगा. बापही बॉक्सर, पण दुसऱ्या महायुद्धातल्या जखमेनं त्याचं विश्वविजेतेपदाचं स्वप्न राहून गेलेलं. मुलानं बापासाठी किताब जिंकला, ही गोष्ट वाहिनीनं सांगून सांगून लोकांच्या मनात रुजवली होती. समोर होता दक्षिण कोरियाचा किम डुक-कू, अमेरिकेत ज्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसबाहेर, उघड्या आकाशाखाली, भर दुपारी दोघं जिवाच्या करारानं लढले. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच मॅन्सिनीच्या ठोशानं किम पडला, दोराला धरून कसाबसा उठला, रेफ्रीनं लढत थांबवली. चार दिवसांनी किम मरण पावला. काही महिन्यांत त्याच्या आईनं आत्महत्या केली, रेफ्री रिचर्ड ग्रीननंही. जेवणं आटोपून दिवाणखान्यात बसलेल्या कुटुंबांसमोर हे घडलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लॅरी होम्सनं टेक्स कॉबला पंधरा फेऱ्या बडवलं, तेव्हा हॉवर्ड कोसेल समालोचन करता करता रेफ्रीवर उखडला आणि पुढे व्यावसायिक बॉक्सिंगला त्यानं आवाज दिला नाही. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकानं बॉक्सिंगवर बंदीची मागणी केली. पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. कारण सुरक्षिततेचं सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण पंधरा फेऱ्यांना विश्रांती धरून एकोणसाठ मिनिटं लागतात, बारांना सत्तेचाळीस, आणि तासाभराच्या कार्यक्रमात काय बसतं हे वाहिन्यांनाही कळत होतं.

किमच्या मृत्यूनं जाहिरातदार बिचकले, यात शंका नाही. मोटारी आणि साबण विकणाऱ्याला आपल्या मालाशेजारी प्रेत नको असतं. पण इथेच एचबीओ ही केबल वाहिनी उभी होती, जिला जाहिरातदारच नव्हते. दरमहा वर्गणी घ्यायची आणि मध्ये जाहिरात दाखवायची नाही. १९७३च्या जानेवारीत जॉर्ज फोरमननं जमैकात फ्रेझरला लोळवलं, ते एचबीओवरचं पहिलं बॉक्सिंग. १९७५ची अली-फ्रेझर यांची मनिलाची लढत उपग्रहावरून आणून तिनं केबलच्या धंद्याचं नशीबच पालटलं. ऐंशीच्या दशकात मोठ्या वाहिन्या मागे सरत गेल्या आणि एचबीओ, शोटाइम पुढे. चित्रण देखणं, समालोचन अभ्यासू, लढती अव्वल. बॉक्सिंगच्या रसिकानं एवढे चांगले दिवस कधी पाहिले नव्हते, आणि नेमका हाच काळ सर्वसामान्य प्रेक्षकाला मुकण्याचा. जो रसिक होता त्याला अधिक मिळालं. जो रसिक होऊ शकला असता त्याच्या घरी ती वाहिनीच नव्हती.

पुढची पायरी पे-पर-व्ह्यूची. एप्रिल १९९१मध्ये एव्हँडर होलिफिल्ड आणि पुन्हा रिंगमध्ये उतरलेला बेचाळीस वर्षांचा जॉर्ज फोरमन यांची लढत १४ लाख घरांनी स्वतंत्र पैसे देऊन घेतली. आता वर्गणी भरूनही मोठी लढत मिळेना. तिचे पैसे वेगळे. प्रमोटरांना गणित कळलं. वर्षाकाठी चाळीस शनिवार राबण्यापेक्षा दोन रात्रींत जास्त सुटतात. चाहता मग काय शिकतो? ऑगस्ट १९९५मध्ये तुरुंगातून सुटलेला माइक टायसन पीटर मॅकनीलीशी लढला. पंधरा लाखांवर घरांनी पैसे भरले. लढत ८९ सेकंद चालली. जून १९९७मध्ये त्याच टायसननं होलिफिल्डचा कान चावला. पैसे परत मिळत नाहीत. एखाद्या घरानं किती वेळा हात पोळून घ्यावेत याला मर्यादा असते, आणि शेजारच्या घरात, ज्यानं पैसे भरले नाहीत, तिथल्या दहा वर्षांच्या पोराला टायसन कोण हे बातम्यांतून, विनोदांतूनच कळत होतं.

किताबांच्या घोळावर पुस्तकात पुढे एक प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. पूर्वी आठ वजनी गट, आठ विजेते. आज सतरा गट आणि चार संघटना, ज्यांतल्या एकीनं काही काळ एकाच गटात ‘सुपर’, ‘नेहमीचा’ आणि ‘हंगामी’ असे विजेते बसवले होते. प्रत्येक संघटना किताबाच्या लढतीमागे शुल्क घेते, त्यामुळे किताब जितके जास्त तितकं बरं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. हेवीवेटचा एकमेव निर्विवाद विजेता १९९९मध्ये लेनॉक्स लुईस झाला. त्यानंतर चारही किताब एका माणसाच्या कमरेला लागायला मे २०२४ उजाडावं लागलं, तेव्हा युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकनं टायसन फ्युरीला हरवलं. ती लढत रियाधमध्ये झाली, सौदी पैशांवर. एकेकाळी हेवीवेट चॅम्पियनचं नाव बॉक्सिंग न बघणाऱ्या माणसालाही ठाऊक असे. उसिक रस्त्यातून चालत गेला तर किती अमेरिकन वळून बघतील?

मेवेदर-पॅकियाव हे घोंगडं २००९पासून भिजत पडलं होतं. एक शोटाइमचा, दुसरा एचबीओचा; एकाचे सल्लागार वेगळे, दुसऱ्याचे प्रमोटर वेगळे, आणि मध्ये रक्ततपासणीचं भांडण. फुटबॉलच्या दोन सर्वोत्तम संघांना सहा वर्षं एकमेकांशी खेळूच दिलं नाही, अशी कल्पना करून बघा. लीग असती तर हे शक्यच नव्हतं. लढत झाली तेव्हा दोघंही उताराला लागलेले होते, आणि मेवेदरनं ज्या बचावकौशल्यानं ती जिंकली ते शंभर डॉलर भरून प्रथमच बॉक्सिंग बघायला बसलेल्या लाखो लोकांना कंटाळवाणं वाटलं. माझ्या मते ती लढत इतकी वाईट नव्हती. मेवेदरचा डावा खांदा आणि डोकं मागे घेण्याची ती इंचभराची लय बघायला शिकावी लागते. पण शिकवायला शुक्रवारच्या रात्री कुठे उरल्या होत्या?

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, खेळच जुना झाला. मग मेक्सिकोचं काय? तिथे साउल ‘कॅनेलो’ आल्वारेझच्या ज्या लढतींसाठी अमेरिकन घर सत्तर-ऐंशी डॉलर मोजत होतं, त्याच टीव्ही अस्तेकावर फुकट दिसत आल्या, आणि शनिवारी रात्री कुटुंबंच्या कुटुंबं त्या बघत आली. माणसं तीच, रिंग तीच, ठोसे तेच. उलट बाजूनं ब्रिटन बघा. जून १९८५मध्ये बॅरी मॅक्गिगननं पेद्रोझाला हरवलं तेव्हा बीबीसीवर जवळपास दोन कोटी लोक बघत होते. मार्च १९९६मध्ये फ्रँक ब्रूनो-टायसन लढतीपासून तिथेही स्कायनं वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. आज वेम्ब्लीत नव्वद हजार लोक जमतात, पण घरी बसलेल्याला त्यातला ठोसाही फुकट दिसत नाही.

फुकटच्या टीव्हीवर परतायचा एक प्रयत्न झाला. मार्च २०१५मध्ये एनबीसीनं जवळजवळ तीस वर्षांनी मुख्य वेळेत बॉक्सिंग दाखवलं, कीथ थर्मन विरुद्ध रॉबर्ट गरेरो, आणि तीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिलं. पण मेख अशी, की वाहिनी बॉक्सिंगला पैसे देत नव्हती. अल हेमन नावाचा प्रवर्तक गुंतवणूकदारांचे पैसे ओतून वाहिनीकडून वेळ विकत घेत होता. पैसे संपत आले तसा प्रयोग आवरला. मोडलेली सवय दोन-तीन वर्षांत जोडली जात नाही. डिसेंबर २०१८मध्ये एचबीओनं, डिसेंबर २०२३मध्ये शोटाइमनं बॉक्सिंगचा गाशा गुंडाळला.

मराठी वाचकाला यातलं बरंचसं लांबचं वाटेल. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगची सवय लागलीच नाही, त्यामुळे सुटायचा प्रश्न नाही. १९८०च्या जानेवारीत अली दिल्लीत कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत खेळून गेला, २०१७च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगनं चीनच्या झुल्पिकार मैमैतालीला हरवलं, अशा तुरळक रात्री सोडल्या तर आपलं बॉक्सिंग म्हणजे ऑलिंपिक आणि मेरी कोम. पण खेळ कुणाला दिसावा हे ठरवणारे हिशेब आपल्याही दाराशी आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं, असा कायदा आपण २००७मध्ये केला, तो का केला हे या पुस्तकातल्या हकिकती वाचताना वेगळ्या उजेडात दिसेल. ब्रिटनमध्येही फुकट दाखवणं सक्तीचं असलेल्या सामन्यांची यादी आहे. तिच्यात बॉक्सिंग नाही.

सध्या वारं उलट दिशेनं वाहतंय असं काहींना वाटतं. नोव्हेंबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सनं अठ्ठावन्न वर्षांचा टायसन आणि यूट्यूबवरून आलेला जेक पॉल यांची लढत वेगळे पैसे न घेता दाखवली. जगभर १० कोटी ८० लाख लोकांनी ती पाहिली असं कंपनी सांगते. चित्र अडखळत होतं, टायसनला हात उचलवत नव्हते, आणि लढत म्हणावं असं त्यात फार काही नव्हतं. त्याच रात्री, त्याच्या आधी, केटी टेलर आणि अमांडा सेरानो या दोन बायका दहा फेऱ्या अशा लढल्या, की ज्यांनी ती मुख्य लढत पाहण्यासाठी संच लावला होता त्यांना खरं बॉक्सिंग चुकून बघायला मिळालं. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच मंचावर टेरेन्स क्रॉफर्डनं कॅनेलोला हरवलं. पाच वर्षांपूर्वी ही लढत ऐंशी डॉलरला विकली गेली असती. चार कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली असं नेटफ्लिक्सचं म्हणणं आहे. पुढच्या शनिवारी त्यांना बघायला काय आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते ठरवणारं कुणी अजूनही नाही.